इंजिनाच्या दोन कमानी

१

जिनेंद्र चौगुले सांगलीहून आला, चहा नको म्हणाला, पाणी नको म्हणाला, आणि टॉवेलात गुंडाळलेलं एक जड गाठोडं आमच्या तात्यांसमोर टेबलावर ठेवून उभा राहिला.

"काका, आण्णा गेले. आता तरी त्या कमानी परत द्या."

तात्या म्हणजे माझे वडील, जोतीराम. ऐंशी ओलांडली आहे, ऐकायला कमी येतं. पण हे त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. त्यांनी टॉवेल बाजूला केला. आत वाफेचं इंजिन होतं. मिरजेहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या छोट्या लाइनीवर पूर्वी धावायचं तसंच, फक्त हातभर लांबीचं. हिरवा रंग, पितळी शिट्टी, कोळसा घालायला खरीखुरी भट्टी. मी पहिली-दुसरीत असताना हे इंजिन मिरजेच्या रेल्वे क्वार्टरच्या पडवीत आकार घेत होतं. जिनेंद्रचे आण्णा म्हणजे धन्यकुमार, आणि आमचे तात्या, दोघेही लोको शेडमध्ये फिटर. ड्यूटी संपली की दोघं पडवीत उकिडवे बसायचे, आणि मी कानशीखाली पडलेला लोखंडाचा कीस कागदावर गोळा करायची. तो कशाला लागायचा ते मला आजतागायत माहीत नाही, पण ते फार महत्त्वाचं काम आहे असं दोघांनीही मला पटवून दिलं होतं.

तात्यांचं बोट चाकांमागच्या एका मोकळ्या जागेवर गेलं आणि तिथंच थांबलं.

"म्या नेल्या न्हाईत," ते म्हणाले. मग उठले, आतल्या खोलीत गेले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

जिनेंद्र चांगला माणूस आहे. पन्नाशीला टेकलेला, सांगलीत शेतीपंपांचं दुकान, बोलायला मऊ. चोरीचा आळ घालतानाही तो अहोजाहो सोडत नव्हता, त्यामुळे मला त्याच्यावर नीट चिडताही येईना.

"ताई, मला भांडायचं नाही," तो म्हणाला. "शेवटी शेवटी आण्णांची शुद्ध जात-येत होती. शुद्धीवर आले की एकच सांगायचे. कमानी जोतीरामकडं आहेत, तो आणून देईल. मला ते इंजिन एकदा चालवायचंय. इतकंच."

"मग नव्या करून घ्यायच्या. लेथवाले काय कमी आहेत सांगलीत?"

"मी एकदा आणला होता लेथवाला घरी. आण्णांनी त्याला उंबऱ्यावरूनच हाकलला. म्हणाले, ते काम ज्याचं आहे त्याच्याच हातचं बसंल."

मी विम्याची सर्व्हेअर आहे. गोदाम फुटलं, ट्रक उलटला, दुकान जळालं की कंपनी मला पाठवते. लोक माझ्याशी इतकं खोटं बोलतात की खरं बोलणारा दिसला तर मलाच संशय येतो. पण हे वाक्य मी बाजूला काढून ठेवलं. ज्याला आपण चोर समजतो, त्याच्याच हातची वाट बघणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"इंजिन इथं राहू दे," मी म्हटलं. "मी शोधते."

जिनेंद्रनं क्षणभर इंजिनाकडे पाहिलं. "राहू दे. आता त्यातलं न्यायचं काय राहिलंय?" असं म्हणाला आणि नमस्कार करून गेला.

त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही भाकरी ताटात तशीच. सगळा जन्म सचोटीनं काढलेला माणूस चोर म्हणवून जाणार, हे त्यांना गिळवत नव्हतं. मलाही गिळवत नव्हतं.

२

चोरानं काय नेलं ते सगळेच बघतात. मी त्यानं काय ठेवलं ते आधी बघते.

दोन दिवसांनी मी तात्यांना ओढूनच टेबलापाशी बसवलं आणि म्हटलं, सांगा मला, मी अडाणी आहे. यंत्राचं कुणी विचारलं की तात्यांना गप्प बसणं जमत नाही. थोडं कण्हून त्यांनी सांगितलं. इंजिन पुढं न्यायचं की मागं, ते एका दांड्यावर ठरतं. दांडा ओढला की दोन वाकड्या पोलादी पट्ट्या वर-खाली होतात आणि वाफेनं कुठल्या बाजूनं शिरायचं ते ठरवतात. शेडमध्ये त्यांना कमानी म्हणायचे. त्या नसल्या तर इंजिन मागं सोडाच, पुढंही हलत नाही.

"आणि हे सगळं तुम्ही केलेलं?"

"बायलर, चाकं, सांगाडा त्याचं. ह्यो दांडा, आसावरची ही पितळी कडी आन कमानी माझ्या. डब्याच्या जुन्या स्प्रिंगचं पोलाद कापून केल्या हुत्या, बोटाएवढ्या. लय दिवस घासल्या." त्यांनी अंगठा उगाच तर्जनीवर घासला. "त्यो म्हनला, सैल हायत. केसभर. म्या म्हनलं, तुझं डोळं सैल हायत. तितनं वाढलं. मग काढून टाकल्या आसतील त्यानं. माझं काम नको झालं आसंल."

धन्यकुमारना वाटत होतं जोतीरामनं नेल्या. जोतीरामना वाटत होतं धन्यकुमारनं फेकल्या. आणि दोघांनीही एकमेकांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. तात्यांनी रेल्वे सोडली, साताऱ्याकडे साखर कारखान्यात लागले, बिऱ्हाड हललं, आणि मिरज आमच्या घरात बोलायचा विषय राहिला नाही.

पण इंजिन समोर होतं आणि ते खोटं बोलत नव्हतं. रागावून स्वतःचं काम परत नेणारा माणूस सगळंच नेईल. दांडा नेईल, कडी नेईल. तात्यांची कडी जागच्या जागी होती, दांडाही होता. बरं, भुरट्यानं नेलं म्हणावं तर त्यानं पितळी कडी आणि पितळी शिट्टी सोडून लोखंडाचे दोन तुकडे नेले. पितळ सोडून लोखंड नेणारा चोर माझ्या नोकरीत मला भेटला नव्हता.

तरी भंगाराचा संशय पुसून टाकायला मी मिरजेला लालासाहेबांकडे गेले. ते त्याच शेडमधले, पुढे भंगाराचं दुकान काढून सुखी झालेले. गल्ल्यावर नातसून बसते आणि लालासाहेब बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात.

"म्या नेल्या म्हनतीस?" ते खूश झाले. "आगं, पितळी शिट्टी समोर आसताना ह्यो लालासाहेब लोखंड उचलंल व्हय? माझी अब्रू घालवतीस का, पोरी."

"मग कुणी नेल्या?"

लालासाहेब खुर्चीत सरकून बसले.

"तुला वाईट वाटंल. पर कमानी गेल्या त्या दुपारी तुझा बाप गेला हुता तितं. धन्यकुमार ड्यूटीवर. म्या शेजारच्या क्वार्टरात, माझ्या दारात बसलो हुतो. जोतीराम पडवीत शिरला आन पिशवी घिऊन भायेर आला. पिशवीत लोखंड वाजत हुतं. म्याच सांगितलं धन्यकुमारला."

३

साताऱ्याला पोचेपर्यंत मी तात्यांना मनातल्या मनात शंभर प्रश्न विचारले. घरी आल्यावर एकच विचारला.

"कानशी आनाया गेलो हुतो," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या हुत्या, त्याच्याकडं पडल्या हुत्या. भांडान झाल्यावर त्येच्या घरात माझ्या कानशी कशाला? कमानी तवा खिडकीत हुत्या, पितळी ताटलीत. म्या बघितल्या. हात लावला न्हाई."

"कुठल्या खिडकीत?"

"पडवी आन आतल्या खोलीच्या मदल्या. आत बाळंतीण हुती. म्हून म्या पाय न वाजवता आलो."

बाळंतीण म्हणजे धन्यकुमारांची बायको, गुणमालाकाकू. बाळ म्हणजे हाच जिनेंद्र. तात्यांच्या पाठीमागं त्या खिडकीपाशी दुसरं कोण होतं, हे सांगू शकेल असं त्या घरात एकच माणूस उरलं होतं. मी सांगली गाठली.

काकूंनी दारात माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. अंगणात ऊन होतं. त्यांनी मला मिरजेतल्या सगळ्या बायकांची नावं घेऊन एकेकीचं काय झालं ते सांगितलं. मी त्यांच्या पडवीत बसून पोहे खाताना किती सांडायची तेही सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "जोतीरामभाऊ नीट जेवतात का गं?"

"आता जेवत नाहीत," मी म्हटलं. "काकू, त्या दुपारी खिडकीपाशी कोण आलं होतं?"

"मी आतल्या खोलीत होते, बाई. सोयरात मला कोण काय सांगणार? मला काय कळणार?" त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, आणि सुटका व्हावी तसा त्यांचा फोन वाजला. फोनवर नात होती, जिनेंद्रची मुलगी ब्राह्मी. ती इथंच बाळंत झाली आणि महिन्याभरापूर्वी बाळाला घेऊन सासरी गेली. सासर साताऱ्यातच, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं.

"नको गं," काकू फोनवर सांगत होत्या, "मोहरीची उशी आहे ती, पाण्यात घालायची नाही. नुसती उन्हात ठेव. आणि बाळ मोठा झाला की उशी माझ्याकडं परत यायला पाहिजे. तुझ्या बापाची आहे ती."

मोहरी भिजली तर मोड येतील, हे मलाही कळत होतं. मी लक्ष दिलं नाही.

जिनेंद्रची बायको बेदाणे निवडत बसली होती. निघताना काकूंनी मूठभर माझ्या हातात देण्यासाठी भिंतीच्या खुंटीवरची एक छोटी कापडी पिशवी काढली. जुन्या लुगड्याच्या काठाची, वरून दोरी ओवलेली, कडेनं लाल दोऱ्याची उलटसुलट टीप.

मी हात पुढं केला नाही. तशा पिशव्या आमच्या घरात ढिगानं आहेत. दर वर्षी गणपती गेले की सांगलीकडून येणारा कुणी एसटीचा कंडक्टर आमच्या दारात बेदाण्यांची अशी पिशवी ठेवून जायचा. कुणी दिली विचारलं की म्हणायचा, मला पुढच्यानं दिली. तात्या म्हणायचे, तासगावचा कुणी जुना मित्र असेल. आई त्या पिशव्या धुऊन मसाल्याला वापरायची.

आण्णा चैत्रात गेले होते. आणि पिशवी या भाद्रपदातही आली होती.

४

गणपतीच्या सुमाराला जैनांचं पर्युषण संपतं, आणि संपलं की घरोघर एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात. धन्यकुमारांच्या घरातून कुणीतरी दर वर्षी आमच्या घराची क्षमा मागत होतं. ज्यानं आपली चोरी केली त्याची क्षमा कुणी मागत नाही. त्या घरातल्या एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं की जोतीराम चोर नाही.

पण का? काकूंनी दोन लोखंडी पट्ट्या घेऊन काय करायचं होतं? आणि घेतल्या तर एवढी वर्षं तोंड का उघडलं नाही? नवऱ्याची जिवाभावाची दोस्ती डोळ्यांदेखत मोडताना बघणारी बाई दगडाची नसते. काकू तर नव्हत्याच.

त्या वेळी त्या घरात रोज जाणारी आणखी एक बाई होती. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी रंगुबाई. ती आता शिराळ्यात लेकीकडं असते. मी गेले तेव्हा ती उन्हात पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"व्हय, मीच न्हाऊ घालायची," ती म्हणाली. "लय भ्यायची ती बाई. भ्यायची न्हाई तर काय करंल? पयली दोन लेकरं मांडीवरनं गेल्याली. एक म्हैन्याचं, एक त्याहून बारकं. ह्यो तिसरा. ह्याला ती खाली ठिवायची न्हाई. झोपला तरी नाकाफुडं बोट धरून बसायची."

"त्या घरातून काही चोरीला गेलं होतं म्हणतात."

"पुरुषांचं काय आसंल ते. आमाला कोन सांगतंय?" तिनं शेंग फोडली. "माझ्या ध्यानात ऱ्हायली ती पाचवी. पाचव्या दिशी सटवाई येती, बाळाच्या उशाला लोखंड लागतंयच. म्या घरनं कोयता आनला. बाईनं उशाला ठिवू दिला न्हाई. म्हनली, रंगू, ह्यानं ऊस तुटतोय, किडामुंगी मरती. जिनं जीव घेतलाय ती वस्तू जिवाची राखन कशी करंल? म्हनलं, बरं, आडकित्ता? न्हाई. विळी? न्हाई. धार आसंल ते कायच नको म्हनली. जैनाची बाई, तिला ते पटंना."

"मग नुसतंच ठेवलं बाळाला?"

"त्येच म्या इचारलं. म्हनलं, बाई, मग लोखंड कंचं आनू? तर म्हनली, ज्यानं जन्मात काय कापलं न्हाई आसलं आन." रंगुबाई हसायला लागली, तिला अजून ती गंमत वाटत होती. "आता तूच सांग, आसलं लोखंड आसतंय व्हय कुठं?"

मी उठले, तिच्या पाया पडले आणि गाडीत येऊन बसले. असलं लोखंड होतं. त्याच खिडकीत, पितळी ताटलीत, बाळंतिणीच्या हाताच्या अंतरावर.

मी तिथूनच काकूंना फोन लावला. म्हटलं, "काकू, जिनेंद्रला घेऊन साताऱ्याला या. ब्राह्मीकडे. मी तात्यांना आणते."

मग त्या म्हणाल्या, "येते बाई. आता आलंच पाहिजे."

५

ब्राह्मीच्या घरी दिवाणखान्यात आम्ही बसलो. बाळ पाळण्यात झोपलेलं. तात्या यायला तयार नव्हते. शेवटी मी म्हटलं, बाळाला बघायला तरी चला, त्याच्याशी तर तुमचं भांडण नाही ना. तेव्हा धुतलेलं धोतर नेसून आले. जिनेंद्र त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता आणि तात्या पाळण्याच्या कडीकडे बघत होते.

मी सर्व्हेचा रिपोर्ट सांगावा तसं सांगितलं. मला दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं सांगता येत नाही. पितळ ठेवून लोखंड नेलं, म्हणजे विकायला नेलं नाही. दांडा आणि कडी ठेवली, म्हणजे ज्यानं केलं त्यानं नेलं नाही. नेणाऱ्याला हवं होतं फक्त लोखंड, लहान आणि बिनधारेचं. त्या आठवड्यात त्या घरात असं लोखंड एकाच माणसाला हवं होतं, आणि ते माणूस खिडकीच्या आतल्या बाजूला होतं. लालासाहेबांनी बाहेरची बाजू पाहिली. आतली बाजू कुणी पाहिली नाही, कारण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत आणि बाळंतिणीला पुरुष काही विचारत नाहीत. आण्णांनी सगळी पडवी उलथीपालथी केली असेल, पण ज्या भिंतीला टेकून शोधत होते, तिच्या पलीकडे त्यांनी विचारलं नाही.

"काकू, चुकत असेल तर सांगा," मी म्हटलं.

"चुकत नाही," काकू म्हणाल्या. त्या जिनेंद्रकडे वळल्या. "जोतीरामभाऊंनी काही नेलं नाही. मी घेतल्या. हात घालून, खिडकीतनं."

जिनेंद्र अर्धवट उठला. काकू थांबल्या नाहीत.

"तेल लावून पुसलेल्या होत्या, चकचकीत. मला माहीत होतं त्यांनी कधी काही कापलेलं नाही. इंजिनच कधी चाललं नव्हतं. वाटलं, पाचवी झाली की परत ठेवीन. तुझ्या उशीच्या शिवणीत घातल्या आणि पुरुषांना दिसू नयेत म्हणून वरून टीप मारली. त्या रात्री तू शांत झोपलास. आधीची दोघं कधी तशी झोपली नव्हती." त्यांनी श्वास घेतला. "सव्वा महिन्यानं बाहेर आले तेव्हा कळलं, दोघांचं बोलणं बंद. सांगणारच होते. त्या दिवशी तुला ताप भरला. म्हटलं, ताप उतरू दे, मग उसवते. उतरला. मग म्हटलं, दात येऊ देत. मग म्हटलं, चालायला लागू दे. तोवर भाऊ साताऱ्याला निघून आले होते."

"आण्णांना तरी सांगायचंस, आई."

"त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी उशी फाडली असती. मंदिरात जाणारी बाई मी, असलं काही मानू नये म्हणतात. मी मानलं. आजपर्यंत मानते. तुझ्यानंतर तुझ्या बहिणीला तीच उशी दिली, मग ब्राह्मीला, आता ह्याला. माझं लेकरू वाचलं आणि ह्या माणसाचं नाव गेलं. हे मला रोज कळत होतं."

त्या उठल्या, तात्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडले. पण नुसती क्षमा मागून त्यांचं समाधान झालं नसावं. त्या पाळण्याकडे गेल्या, बाळाच्या मानेखाली हात घातला, पण उशी ओढेनात. ब्राह्मी पुढं झाली. तिच्या हातात कात्री होती.

"भाऊ, घेऊन जा तुमच्या कमानी," काकू म्हणाल्या. पंचाहत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती.

तात्या उठले. पाळण्यापाशी जाऊन त्यांनी चष्मा पुसला. बाळाचं डोकं हललं नाही इतक्या हलक्या हातानं त्यांनी उशीच्या काठावरून अंगठा फिरवला. एके ठिकाणी थांबले, दाबलं, पुन्हा फिरवला.

"वळण माझंच हाय," ते म्हणाले. मग ब्राह्मीला म्हणाले, "उसवू नगा. लेकरू झोपलंय."

"पण काका, इंजिन..." जिनेंद्र बोलला.

"नव्या करू. यत्या रैवारी लोखंड धरायचा तुझा व्हाइस घिऊन ये घरी. माझा हात हालतोय, पर तुला सांगंन तसं घास. ह्या टायमाला घट्ट बसवू. सैल हुत्या त्या. खरं हुतं त्याचं."

जिनेंद्रनं खाली वाकून तात्यांचे पाय धरले आणि तसाच बसला. एवढा मोठा माणूस, दुकानात दहा जण हाताखाली. "माझ्यामुळं झालं हे सगळं, काका. माझ्यामुळं तुम्हा दोघांचं..."

तात्यांनी त्याच्या टक्कल पडत चाललेल्या डोक्यावर हात ठेवला.

"तू जगलास न्हवं?" ते म्हणाले.

काकू भिंतीला टेकून रडत होत्या. ब्राह्मीनं कात्री कपाटावर ठेवून दिली आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला, बाळ उठलं, तात्यांनी त्याला मांडीवर घेतलं. मग मिरजेच्या गोष्टी निघाल्या. शेडमधला साहेब, पावसात बंद पडलेली गाडी, धन्यकुमारांचं शिट्टी वाजवायचं वेड. काकू मधेच एखादी चूक दुरुस्त करायच्या, आणि तात्या मान्य करायचे. मला ते पडवीतले दिवस इतके जवळ वाटले की कीस गोळा करायला कागद हवा होता.

परत निघालो तेव्हा उन्हं उतरत होती. अजिंक्यताऱ्यावर अजून थोडा उजेड होता. मी खुशीत होते, खोटं कशाला सांगू. केस सुटली होती, तात्यांचं नाव धुऊन निघालं होतं, आणि ते बेसनाचे दोन लाडू खाऊन उठले होते.

"झालं ना तात्या मनासारखं?" मी विचारलं.

पोवई नाक्याच्या अलीकडं ते म्हणाले, "गाडी बाजूला घे." मी घेतली. ते समोरच्या काचेतून बाहेर बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"पोराला कळलं, वैनीला ठाऊकच हुतं, लालासाहेबाला तू सांगशील," ते म्हणाले. "आता म्या नेल्या न्हाईत, ह्ये धन्याला कोन सांगनार गं?"

मी त्यांचा हात धरला. मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला आणि ती आमच्या कडेनं पुढं निघून गेली.